संशयत्रिकोण

तन्मय आगटे यांनी आयुष्यात उत्तर दिले नाही असे एकच पत्र होते. एरवी ते सगळ्यांना उत्तर देत. दिवाळीच्या छापील शुभेच्छांनासुद्धा, आधी कच्चे लिहून, खाडाखोड करून, मग दुसऱ्या कागदावर उतरवून. हे पत्र मात्र नऊ वर्षे मराठी शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात पडून होते. त्यामुळे तो खंड ते उघडत नसत. त्यातला एखादा शब्द अडला तर अंदाजाने पुढे जात, आणि मग तो अंदाज चुकलाच असणार म्हणून दिवसभर मनाला खात राहत.

पत्र लहान होते. न उघडताही ते त्यांना पाठ होते.

'श्री. आगटे यांस स. न. वि. वि. मी ओंकार खामकर, मोजणी खात्यातून निवृत्त, ईराचा बाप. माझ्या मुलीच्या शेवटच्या ठिकाणाचा नकाशा मला मिळाला. तिन्ही ऐकठाण्यांच्या रेषा एका टिंबात मिळाल्या आहेत. मी एकतीस वर्षे जमिनी मोजल्या. तीन माणसांच्या तीन रेषा एका टिंबात कधी मिळत नाहीत. मिळाल्या तर कुणीतरी त्या जुळवल्या, असे आमच्यात समजतात. मला कोणावर आरोप करायचा नाही. आपल्याला ती कुठल्या दिशेला ऐकू आली, तो आकडा तेवढा कळवावा.'

आकडा तेवढा! आगट्यांना वाटे, माणसाने शिव्या दिल्या असत्या तर उत्तर देणे सोपे गेले असते.

ही गोष्ट खोट्या ताऱ्यांच्या वर्षांनंतरची. त्याआधी प्रत्येक वाहन आपले ठिकाण उपग्रहांना विचारी आणि उपग्रह सांगतील ते खरे मानी. मग कुणीतरी, कुठून ते शेवटपर्यंत कळले नाही, उपग्रहांच्या आवाजात खोटे बोलायला सुरुवात केली. मालवणच्या एका बोटीचे ठिकाण तीन दिवस कराडच्या भाजीमंडईत दिसत होते. त्यावर लोक हसले. पण धावपट्टीवर उतरतोय असे समजून विमाने डोंगरावर आदळू लागली तेव्हा हसू थांबले.

सह्याद्रीच्या या भागात तर घराघरावरून 'चतुर' उडत. चतुर म्हणजे एका माणसाचे, विजेवर चालणारे, चार पातळ पंखांचे विमान. पाण्यावर भिरभिरणाऱ्या किड्यावरून पडलेले नाव. औषधे, टपाल, सुईणी, शिक्षक, सगळे चतुराने घाट ओलांडत. त्यांची टक्कर टाळायची तर कोण कुठे आहे हे कळायला हवे. आणि आता तर कुणाच्याच सांगण्यावर भरवसा उरला नव्हता.

म्हणून साक्षीचा कायदा आला. त्याचे सार दोन वाक्यांत होते. विमानाने आपले ठिकाण आपण सांगू नये. ते इतरांनी ऐकून ठरवावे.

प्रत्येक चतुर दर सेकंदाला रेडिओवर एक बारीक चिवचिव करी. डोंगरमाथ्यांवर ऐकठाणी बांधली गेली, आणि यंत्रांनी हात पोळलेल्या लोकांनी तिथे माणसाचा कान मागितला. श्रोता अँटेनाची गोल कडी हळूहळू फिरवी. चिवचिव कुठून येते हे ती मोठी कुठे होते यावरून नीट कळत नाही. ती नाहीशी कुठे होते यावरून कळते. कडीचे तोंड बरोबर चतुराकडे वळले की कानात एकदम शांतता पसरे. ती शांतता हीच दिशा. नकाशावर त्या दिशेने रेघ ओढायची. एका रेघेवरून एवढेच समजे, की चतुर या रेघेवर कुठेतरी आहे. दुसऱ्या ठाण्याची रेघ तिला जिथे छेदेल तिथे तो असावा. तिसरी रेघ ही खात्रीसाठी.

पण कान हा कान असतो. तीन रेघा एका ठिकाणी मिळत नसत; त्यांच्यामध्ये एक लहानसा त्रिकोण उरे. चतुर त्या त्रिकोणात कुठेतरी. त्याला म्हणत संशयत्रिकोण. महिनाअखेरीला कुणामुळे हा त्रिकोण मोठा झाला याचा तक्ता येई. भैरवमाथ्याच्या ठाण्यावरचे आगटे त्या तक्त्यात सदैव तळाशी, म्हणजे सगळ्यात चोख. 'आगट्यांचा कान सोन्याचा' असे लोक म्हणत. एवढे ऐकूनही आगट्यांना ते कधी खरे वाटले नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी पाटणच्या त्यांच्या घराच्या दारात डॉ. शर्वरी नाचणे उभ्या राहिल्या, तेव्हा आगट्यांना पहिल्यांदा आठवला तो शब्दकोशाचा तिसरा खंड.

"ओळखलंत का काका? मी नाचणे, दिशाशोध संस्थेतली. भैरवमाथ्यावर नोंदयंत्र बसवायला आले होते. तुम्ही मला बेसनाचा लाडू दिला होता."

लाडू त्यांना आठवला, बाई आठवली नाही. "या, या. बसा. पुस्तकं सरकवा तिकडे. ती नको, तो खंड राहू दे."

नाचणेबाईंनी तिसऱ्या खंडाकडे पाहिले. नुसतेच पाहिले, की मुद्दाम?

"काका, तुमच्या कच्च्या वह्या आहेत का हो अजून?"

ठाण्यावर दोन वह्या असत. कानाला जे येईल ते आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने. इतरांना कळवून झाले की पक्क्या वहीत शाईने. पक्की वही सरकारची. कच्ची निवृत्तीच्या दिवशी जाळायची, असा रिवाज होता.

"जाळल्या," आगटे जरा मोठ्यानेच म्हणाले. खोटे बोलायची सवय नव्हती.

"असू दे. आमचं कामही पक्क्या वह्यांवरच झालंय." त्यांनी पेढ्यांचा पुडा आणि निमंत्रण पुढे ठेवले. "सोमवारपासून तिन्ही ठाण्यांवर स्वयंश्रोता बसतोय. माणूस नाही. आणि कळ तुम्ही दाबायची."

"मी? छे, छे. मला त्यातलं काय कळतं? ते... म्हणजे... ऐकतं कसं?"

"ऐकणं सोपंच आहे. अवघड आहे ते ठरवणं. डोंगरावर आवाज आपटतो, एकाच चतुराची चिवचिव दोन-तीन बाजूंनी येते. त्यातली खरी कुठली हे सूत्रात मांडता येत नाही. म्हणून यंत्राची शिकवणी घेतली. तुमच्या ठाण्याचे चारशे दिवस निवडले. अँटेनावर काय आलं, वेळापत्रक काय सांगत होतं, शेजारच्या दोन ठाण्यांनी काय कळवलं आणि तुम्ही शाईने काय लिहिलं, हे सगळं त्याच्यापुढे ठेवलं. असं असेल तर असं लिहायचं, हे ते आपलं आपण शिकलं."

"चारशे दिवस निवडले कसे?"

"सगळ्यात लहान त्रिकोणांचे. वर्गात शिकवताना फळ्यावर चुकलेली गणितं थोडीच लिहितो आपण?" त्या हसल्या आणि एक कागद उलगडला. "हा बघा आमचा आदर्श दिवस. तीन रेघा, एक टिंब. त्रिकोण शून्य!"

कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती. एकोणीस सप्टेंबर.

आगट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तारीख तीच राहिली. "हा तर... त्या मुलीचा दिवस."

"हो. वाईट झालं. पण साक्ष बघा ना, केवढी स्वच्छ!"

"ती सापडली नाही."

"शोधपथक चुकलं असेल काका. साक्ष नाही चुकली."

त्या साधेपणाने बोलत होत्या की आपली परीक्षा घेत होत्या, हे आगट्यांना ठरवता येईना. त्यांना सगळ्यांचाच संशय येत होता: बाईंचा, पेढ्यांचा, कळ दाबायला आपल्यालाच बोलावण्याचा. बाई गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि न जाळलेली कच्ची वही बाहेर काढली.

त्या दिवशी धुके होते. ईरा खामकर सर्पदंशावरचे औषध घेऊन घाट उतरत होती. अकरा चाळीसला तिची चिवचिव आगट्यांना मिळाली. कडी फिरवली, शांतता सापडली: एकसष्ट अंश. पेन्सिलीने लिहिले. कळवण्याआधी, सवयीने, इतर ठाण्यांच्या रेघा उमटत त्या समोरच्या काचेवर पाहिले. पाणवटच्या ठाण्यावरून गुरवांची रेघ आली होती. आगटे थांबले. थोड्या वेळाने तांबड्या सड्याच्या ठाण्यावरून शेलारांचीही आली. दोन्ही रेघा जिथे छेदत होत्या तो बिंदू भैरवमाथ्यावरून बहात्तर अंशांवर होता.

दोन माणसे एक सांगतात आणि तिसरा दुसरेच, तेव्हा चुकलेला कोण? जन्मभर स्वतःला चुकलेलेच समजणाऱ्या माणसाला हा प्रश्न अवघड नव्हता. आपल्या कानाला कड्यावरून उलटलेला आवाज आला असणार.

तेवढ्यात रेडिओवर तिचा आवाज आला. घाबरलेला नव्हता; धाप लागलेला होता. "ऐकठाणं, ईरा बोलतेय. मोटर गेली. खाली उतरवतेय. उजव्या हाताला जुळे कडे आहेत, मधून ओढा येतोय. माझं कुणी लिहून घेतंय का?"

कुणी घेत नव्हते. कायद्याने ते घ्यायचेच नव्हते. बहात्तर अंशांच्या आसपास जुळे कडे नाहीत, हे आगट्यांना त्या क्षणीही ठाऊक होते. तरी त्यांनी शाईने बहात्तर लिहिले.

त्याच्या पुढची पाने त्यांनी नऊ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. तिची चिवचिव आणखी चार दिवस ऐकू येत होती. फार क्षीण, कड्यावरून वाकून आल्यासारखी. दर वेळी एकसष्टवर. शोधपथक बहात्तरवर रान तुडवत होते. तिसऱ्या दिवशी आगट्यांनी पथकाला फोन लावला आणि दुसऱ्या घंटेला ठेवून दिला. पाचव्या दिवशी चिवचिव थांबली. रेडिओची बॅटरी संपली असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. बॅटरी चार दिवसच टिकते हे खरेच होते.

पण एका रेघेने ठिकाण कळत नाही. दुसरी हवी.

नाचणेबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ते एसटीने कुसवड्याला, शेलारांच्या गावी गेले. शेलार ओसरीवर घेवडा सोलत बसले होते.

"या पंडित! पुस्तकातनं बाहेर कसं काय पडला?"

"एक विचारायचं होतं. तुमची कच्ची वही..."

"जाळली."

"मीही जाळली असंच सांगतो."

शेलारांच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "कुणी धाडलं तुम्हाला? त्या नाचणेबाईनं?"

"नाही हो."

"मग त्या मोजणीदारानं. मला बी आलंतं त्याचं पत्र. मी फाडून टाकलं. तुमी?"

"शब्दकोशात ठेवलंय."

"का?"

"उत्तर द्यायचं होतं."

"नऊ वर्सं?" शेलार हसायला गेले, पण हसू काही आले नाही.

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. "भावजी, त्यो खामकर म्हातारा अजून हिंडतोय बगा त्या रानात. दिवाळी सरली की येतो मोजणीची फळी खांद्यावर घिऊन. एकेक तुकडा मोजतो, नकाशात रंगवतो, फुडं जातो. जाता-येता आमच्याकडं पाण्याला थांबतो. आन् ह्ये तवर आत जाऊन बसत्यात, न्हाणीत!"

"तू गप गं."

"गप कशाला? औंदा उत्तरंची बाजू तेवढी राह्यली म्हणत हुता. ती झाली की झालं म्हणला. काय झालं ते काय म्हणला न्हाई."

ती आत गेल्यावर शेलारांनी घेवड्याचा ढीग बाजूला सारला. मग एकदम, भांडल्यासारखे बोलले, "तुमच्यापायी झालं ते! गुरवाची रेघ आली, माझ्या कानाला भलतंच. म्हटलं, थांबू. आगटे काय सांगतील ते खरं. घड्याळ चाललंय, तुमी गप. म्हटलं, आगटे गप म्हंजे गुरवाचंच बरोबर असणार. नेहमीच्या वाटंवर त्याच्या रेघंला मिळंल अशी वळवली मी माझी."

"मी तुमची वाट बघत होतो," आगटे म्हणाले.

वर कुठेतरी एक चतुर गुणगुणत गेला.

"मग गुरवांना तरी तिथे ऐकू आली होती," आगटे हळूच म्हणाले. विधान होते, पण त्यात विनवणी होती.

"गुरव मरायच्या आदी बोलला मला. त्याला त्या दिवशी कायच ऐकू आलं नव्हतं. ठाण्यावर बसून 'ऐकू आलं न्हाई' असं कसं कळवायचं? त्यानं येळापत्रक बगितलं. अकरा चाळीसला ती जिथं असायला पायजे हुती, तिथनं रेघ मारली." शेलार उठले, देवघरात गेले आणि पोथीच्या कापडात गुंडाळलेली वही घेऊन आले. "म्हंजे आगटे, तिथं तिला कुणीच ऐकलं न्हाई. तिघांपैकी कुणीच न्हाई. ही वही घ्या, हा माझा आकडा. तीनशे चौतीस. माझं नाव लिवा. लिवलंच पायजे."

घरी आल्यावर आगट्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. एकसष्टची रेघ ओढली, तीनशे चौतीसची ओढली. त्या छेदल्या. पण दोन रेघा कुठेतरी छेदतातच. नुसत्या दोघांच्या एकमताला काही अर्थ नसतो, हे ते आता शिकले होते. गुरवांची तिसरी रेघ नव्हती. कधीच नव्हती.

मग त्यांनी कायद्याने बंदी असलेली तिसरी साक्ष काढली. उजव्या हाताला जुळे कडे, मधून ओढा. भिंग घेऊन ते छेदबिंदूच्या भोवतीच्या समोच्चरेषा तपासू लागले. तिथून दीड किलोमीटरवर दोन कडे समोरासमोर उभे होते, आणि त्यांच्यामधून निळी बारीक रेघ उतरत होती. ईरा स्वतःच्या जागेबद्दल खरे बोलली होती. त्या दिवशी खरे बोललेली ती एकटीच.

त्यांनी तिच्या शब्दांवरून तिसरी रेघ ओढली. मधे त्रिकोण राहिला. मोठा, वेडावाकडा, कुठल्याही तक्त्यात नाव वर नेईल असा. आगट्यांना तो खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाचणेबाईंना फोन केला आणि या वेळी दुसऱ्या घंटेला ठेवला नाही. वह्यांचे सोडून सगळे सांगितले. बाई पहिल्यांदा चिडल्या, मग म्हणाल्या, "थांबा, नोंदयंत्राची टेप काढते." संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"काका, तुमच्या बहात्तर अंशांवर त्या दिवशी काहीच नव्हतं. साधा प्रतिध्वनीसुद्धा नाही. टेप कुणी तपासलीच नव्हती. शाईने लिहिलेलं होतं ना."

"तो एक दिवस काढून टाका."

"काढला. मग बाकीचे तपासायला घेतले. काका, आम्ही लहान त्रिकोणाचे दिवस निवडले. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या कानापेक्षा शेजाऱ्याला जास्त मानलंत, नेमके तेच दिवस निवडले गेले. यंत्र ऐकायला शिकलंच नाही. ते शेजाऱ्याच्या पाटीवर बघायला शिकलं. आता तीन यंत्रं बसणार, आणि तिन्ही एकमेकांच्या पाटीवर बघणार."

"आणि पहिलं कळवणारं?"

"पहिलं वेळापत्रक बघतं."

"मग सोमवारी..."

"मी वर लिहून दिलंय. त्यांचं म्हणणं, चाचणीत सगळीकडे त्रिकोण शून्य आलाय. तक्रार नेमकी कशाची आहे? कच्च्या वह्या दाखवा म्हणाले. मी म्हटलं, जाळल्या."

"नाही जाळल्या," आगटे म्हणाले. "माझी आणि शेलारांची, दोन आहेत. घेऊन जा."

सोमवारी कळ दाबायला आगटे गेले नाहीत. ती दुसऱ्याच कुणीतरी दाबली, आणि वह्यांची चौकशी पुढच्या महिन्यात ठेवली गेली. आगटे त्या सकाळी टेबलाशी बसून उत्तर लिहीत होते. कच्चे लिहिले नाही. खाडाखोड झाली ती तशीच ठेवली.

'श्री. खामकर यांस स. न. वि. वि. आपण आकडा विचारला होता. एकसष्ट. शाईने मी बहात्तर लिहिला तो मला ऐकू आलेला नव्हता. श्री. शेलार यांचा आकडा तीनशे चौतीस. तिसरी रेघ आपल्या मुलीच्या स्वतःच्या शब्दांची आहे. ते खाली दिले आहेत. ते मी ऐकले होते. ती उतरल्यावरही मला चार दिवस तिची चिवचिव एकसष्टवर ऐकू येत होती. मी कळवले नाही. नकाशा सोबत आहे. त्रिकोण मोठा आहे, आत दोन दिवसांची पायपीट आहे. माझी चूक होत असेल, पण ती या त्रिकोणाच्या आत असेल. उत्तरेची बाजू मोजू नये. तिथे तिला कुणीही ऐकलेले नाही.'

क्षमेबद्दल एक वाक्य त्यांनी लिहिले आणि खोडले. मागायला फार उशीर झाला होता. खोडलेले मात्र वाचता येत होते.

टपाल कचेरी कोपऱ्यावरच होती. तिच्या दर्शनी भिंतीवर आकाशफलक होता. परिसरातल्या प्रत्येक चतुराचा हिरवा ठिपका त्यावर दिसे. एरवी ठिपक्याभोवती संशयत्रिकोणाची पुसट किनार असे. आज एकाही ठिपक्याला किनार नव्हती. गावावरचे आकाश फलकावर रिकामे होते.

आगटे पेटीशी पोहोचले आणि अंगणातल्या उन्हावरून एक सावली सरकत गेली. चार पातळ पंखांची. पाठोपाठ कौलांच्या अगदी वरून गुणगुण आली. त्यांनी मान वर केली. चतुर इतका खाली होता की त्याच्या पोटावरचा आकडा वाचता येत होता.

"काय बघताय काका?" खिडकीतून डोके बाहेर काढून टपालवाल्या बाईंनी विचारले.

"चतुर. डोक्यावरून गेला."

बाईंनी आकाशाकडे नाही, फलकाकडे पाहिले. "छे हो. फलकावर तर काही नाही."

बाईंच्या खिडकीची काच अजून थरथरत होती. आगट्यांनी खिशातून पेन्सिल काढली, पाकिटाच्या मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि तो आकडा लिहिला, आणि पत्र पेटीत टाकले.